दोन बोटं खाली

कृष्णकांतला यात मिळायचं होतं ते एवढंच: दोन बोटं उंची. तीही अंगात नव्हे, फोटोत. पण त्या दोन बोटांच्या मागे एक बायको उभी होती, बायकोच्या मागे सावनेरचं खातंपितं सासर, आणि रांगेत सर्वांत शेवटी, पदर सावरून, धाकटी बहीण सुमती. थोरल्याचं झाल्याशिवाय धाकटीचं करायचं नाही, ही त्यांच्या आईची, यमुताईंची, शिस्त. खाप्याचा एक शाळामास्तर सुमतीसाठी थांबला होता. गेल्या उन्हाळ्यापासून त्याच्या घरचे विचारू लागले होते, अजून किती थांबायचं?

कृष्णकांत ठेंगणा होता. चार ठिकाणांहून नकार आले, पण उंचीचं नाव एकानेही काढलं नाही. सगळ्यांच्या पत्रिकाच जुळत नव्हत्या. आकाशातले ग्रहसुद्धा उंची पाहूनच फिरतात अशी त्याची खात्री होत चालली होती. आणि सुमती त्याच्याहून चांगली वीतभर उंच. घरी पाहुणे आले की यमुताई हळूच म्हणायच्या, "सुमे, तू बस वं." फोटो काढतानाही तिला खुर्ची मिळायची. लोकांना वाटे, बहिणीचा केवढा मान ठेवतात.

वडील जाताना फियाट ठेवून गेले होते. डाकखात्यातल्या कारकुनाच्या दारात फियाट म्हणजे स्थळांच्या बाजारात मोठीच गोष्ट, पण नेमकी तीच दगा देई. फोटोसाठी तिला टेकून उभं राहिलं की गाडीचा टप थेट कृष्णकांतच्या भुवईला लागे. बरेच दिवस विचार करून त्याने तोड काढली. माणूस उंच करता येत नाही, पण गाडी तर बुटकी करता येते.

नागपुरात सक्करदऱ्याचा गोविंदा मिस्त्री ऐकून डोकं खाजवू लागला.

"साहेब, आपले रस्ते पाहून लोकं गाडी उचलून मागतात. तुम्ही दाबून काहून मागून राहिले?"

"फॅशन आहे."

"कोनाची?"

"तुले काय करायचं गा? काप तू."

गोविंदाने पुढच्या स्प्रिंगांचा एकेक वेढा कापला, मागच्या कमानींतला एकेक पाटा काढला. गाडी खाली बसली. कृष्णकांतने शेजारी उभं राहून पाहिलं, टप नाकाशी आला होता. एवढा समाधानी तो मॅट्रिक झाल्यावरही नव्हता.

गोविंदा मात्र गाडीसमोर उकिडवा बसला. "हे पाहा, पुढची चाकं वरून आत झुकली. पाय फाकून उभ्या म्हशीवानी. अलाइनमेंटवाल्याले दाखवून द्या."

अलाइनमेंटवाल्याने पाहून घेतलं आणि हात झटकले. "पुऱ्या लांबीच्या स्प्रिंगा घालून आणा, मग चाकं सरळ करून देतो. असंच चालवलं तर टायर आतल्या कडेनं खाईल."

"खाऊ दे," कृष्णकांत म्हणाला. "लग्नापुरतं तर काढेल ना?"

फोटो सावनेरला गेला आणि या खेपेला पत्रिका आडवी आली नाही. मुलगी प्रेमलता. तिचे वडील केशवराव कोळसा खाणीच्या कचेरीत होते, आणि भाजीतली मेथीसुद्धा जुडी सोडून निवडून घेणारे गृहस्थ. त्यांनी आधी पाहायला बोलावलं, मग बोलायला, मग मुलीच्या आत्याला दाखवायला, मग राहिलेलं बोलायला. दर खेपेला फियाट. वाटेत पुढून घूंऽऽ असा आवाज येऊ लागला, गाडी डावीकडे ओढू लागली. कृष्णकांत चाक उजवीकडे दाबून धरी आणि सासऱ्याच्या अंगणात हसत उतरे.

टायर तो पाहत नसे असं नाही. निघताना प्रत्येक चाकाला बुटाची ठोकर मारून बघायचा. बाहेरच्या खाचा शाबूत होत्या. आतली कड पाहायची तर खाली वाकून, जमिनीवर हात टेकून बसायला हवं. आणि चारचौघांत खाली बसणं कृष्णकांतने आयुष्यभर टाळलं होतं. जे आहे तेच थोडं, त्यातलं आणखी कमी का करा?

शालमुदीला, म्हणजे साखरपुड्याला, दसरा ठरला. सकाळी गाडीची पूजा. सुमतीने गाडी धुतली, टायरांना काळं पॉलिश लावलं, हात आत घालून चिखल काढू लागली आणि थांबली.

"दादा, या डाव्या चाकातून सूत निघून राहिलं."

"चिंधी अडकली असेल."

"चिंधी नाही रे. टायरचंच आहे. हे बघ, ओढलं तर येतंच आहे. वाकून बघ ना एकदा."

शेजारचे सोनं द्यायला फाटकाशी जमले होते. कृष्णकांतच्या अंगात नवा जोधपुरी कोट होता. त्याने उभ्यानेच नजर टाकली.

"नवंकोरं तर आहे."

"बाहेरून नवं आहे. मी आतून म्हणून राहिले."

"सणाच्या दिवशी अशुभ बोलू नये," यमुताईंनी चाकाखाली लिंबू ठेवता ठेवता निकाल दिला. "बस वं गाडीत."

"जाताना गोविंदाला तरी दाखवू."

"त्याच्याकडे आज हत्यारांची पूजा. उद्या दाखवू," कृष्णकांत म्हणाला.

सुमती आणखी एकदा बोलली असती. पण आजचा दिवस चुकला की केशवराव पुन्हा विचारात पडणार, आणि मास्तरच्या घरचे तर आधीच पडलेले. तिने हातातला धागा तोडला, पदराला हात पुसले आणि पुढे जाऊन बसली. तिचे पाय लांब, मागच्या सीटवर मावायचे नाहीत.

शालमुदी छान झाली. अंगठी बसली, नारळ ओटीत पडले, केशवरावांनी स्वतःच्या हाताने पेढा भरवला. परतताना यमुताई मागे पेढ्यांचा डबा मांडीवर घेऊन पेंगत होत्या. सुमती म्हणाली, "दादा, आता खाप्याला निरोप धाडायला हरकत नाही ना?"

"उद्याच धाडतो," कृष्णकांत म्हणाला, आणि हे तो मनापासून म्हणाला.

सावनेर सोडून संत्र्याच्या बागा लागल्या तिथे डावं पुढचं टायर फुटलं. गाडी डावीकडे ओढायला टपलेलीच होती. ती रस्ता सोडून चिंचेच्या झाडावर गेली, तीही डाव्या अंगाने. कृष्णकांतचं कपाळ फुटलं. यमुताईंच्या मांडीवरचे पेढे गाडीभर झाले. सुमतीचा पाय सोडवायला बागेतल्या माणसांना पहार आणावी लागली. नागपूरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी तो गुडघ्याखाली कापला.

गोविंदाने ते टायर आणून कृष्णकांतच्या ओसरीवर ठेवलं. बाहेरची कड पॉलिशने अजून चमकत होती. आतल्या कडेला रबर नव्हतंच, नुसतं सुताचं जाळं. कृष्णकांतने ते गोणपाटाखाली झाकलं आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगितलं, रस्त्यात खिळा होता. सुमतीने ते खाटेवरून ऐकलं आणि भिंतीकडे तोंड केलं.

मार्गशीर्षात लग्न झालं. पुढे एकदा चहा घेताना प्रेमलतेच्या हाती तो जुना फोटो लागला.

"हा पाहून तर बाबा बिचकलेच होते," ती हसत म्हणाली. "म्हणाले, इतका गोरा माणूस डाकखात्यात असतो का?"

"आणि उंची?"

"ती तर तुम्ही पहिल्यांदा आलात तेव्हाच दिसली. दाराची चौकट आमच्याच घरची, तिचं माप ठाऊकच ना. बाबा म्हणाले, ठेंगणा आहे, पण नोकरी पक्की आहे. गाडीकडे कोणी पाहिलं?"

तेव्हा कोणाला काय मिळालं आणि कोणी काय भरलं, ते असं. कृष्णकांतला बायको मिळाली, ती दोन बोटांवाचूनही मिळणारच होती. फियाटला पुऱ्या लांबीच्या स्प्रिंगा मिळाल्या, टप पुन्हा भुवईला लागला. खाप्याच्या मास्तरने दिवाळीनंतर दुसरीकडे पाहायला सुरुवात केली, आणि त्याला कोणी नाव ठेवलं नाही. आणि आता घरी पाहुणे आले, फोटो निघायचा झाला, की "सुमे, तू बस वं" असं यमुताईंना म्हणावं लागत नाही. ती बसलेलीच असते.