रिगवेल्टेड

महायुद्ध संपलं आणि क्लेम रुकिन या इंग्रज सैनिकाशी लग्न करून मी आइसलंडहून त्याच्या मुलखात, स्वेलडेलच्या दरीत आले. शाळेत शिकलेल्या इंग्रजीवर माझा भरवसा होता. पहिल्याच संध्याकाळी तो उडाला. सासरची माणसं अर्धा शब्द गिळायची, अर्धा नाकातून काढायची आणि सासूबाई, टेमर त्यांचं नाव, माझ्यासमोर मुद्दाम भरभर बोलायच्या.

"ऐकतेयस की नुसतीच बघतेयस?"

शेजारीण आली की म्हणायच्या, "आमच्या क्लेमला सगळ्या दरीत पोरगी मिळेना, म्हणून बर्फातनं उकरून आणलीय."

शेजारीण हसायची. नेमकं हेच मला नीट समजायचं.

थंडीत बर्फ फाटकापर्यंत चढला. क्लेम दिवसभर जनावरांमागे आणि मी स्वयंपाकघरात. खिडकीतून समोर डोंगर, मागच्या दारातून बघावं तर दुसरा डोंगर, मधे दगडी गडगे. माहेरी आमच्या अंगणातून समुद्र दिसायचा. इथं नजर चार पावलं गेली की परत यायची. कधीकधी भांडी घासता घासता मला श्वास पुरायचा नाही. हात पुसून मी उगाच दार उघडून उभी राहायची. लगेच आतून हाक यायची, "दार लाव गं, गोठलो आम्ही!"

त्या घरात अडकलेला आणखी एक माणूस होता, माझे सासरे एमस. आदल्या वर्षी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला होता. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. उरले होते दोनच शब्द, एक 'हो' आणि एक शिवी. खिडकीशी खुर्चीत बसून ते दिवसभर डोंगरावरच्या मेंढ्या बघायचे. मी चहा पाजायची. कधी 'हो' म्हणायचे, कधी शिवी द्यायचे. दोन्हींत माया असायची.

मे महिन्यातली गोष्ट. क्लेम हॉझच्या बाजाराला गेला होता. रात्रभर पाऊस पडून गेलेला, मेंढ्यांची लोकर भिजून जड झालेली आणि काही अजून गाभण होत्या. जेवणं झाल्यावर सासूबाई त्यांना बघायला वर गेल्या. मी कणीक मळत होते.

अचानक एमसनी डाव्या हातानं खिडकीवर थाप मारली.

"रिग..." ते म्हणाले. चेहरा लाल झाला होता. "रिग... वेल्टेड!"

झटक्यानंतरचा हा त्यांचा पहिला नवा शब्द. हा शब्द मी इथं कधी ऐकला नव्हता, तरी कानाला ओळखीचा वाटला. ह्रिग्गुर म्हणजे आमच्याकडे पाठ. वेल्ता म्हणजे लोळणं, उलथणं. पाठीवर पडून उठता न येणाऱ्या मेंढीला आमचे लोक आफ्वेल्ता म्हणतात. तशी पडलेली मेंढी फुगते आणि लवकर उठवली नाही तर मरते. त्याआधी कावळे डोळे काढतात.

"मेंढी पडलीय? पाठीवर?"

"हो!"

मी अंगणात धावले आणि डोंगर नीट निरखला. एकूण एक मेंढी पायांवर उभी होती. आत येऊन म्हटलं, "सगळ्या उभ्या आहेत, बाबा."

त्यांनी शिवी हासडली. मग खुर्चीच्या पाठीवरचा सासूबाईंचा एप्रन मुठीत धरून ओढला, पार माझ्या तोंडापर्यंत.

"रिगवेल्टेड," ते म्हणाले आणि रडू लागले.

तेव्हा कुठं कळलं. मी पिठाच्या हातांनीच पळाले.

वरच्या गडग्यापलीकडे पाण्याचा अरुंद चर होता. सासूबाई त्यात उताण्या पडल्या होत्या. पडलेली मेंढी त्यांनी उठवली होती, पण उठताना तिनं लाथ घातली आणि या मागच्या मागे गेल्या. दोन्ही खांदे चरात घट्ट रुतलेले, खालून गार पाणी वाहतंय. ओठ निळे पडले होते. गडग्यावर एक कावळा बसला होता. मी त्याला दगड मारला.

"तू कशी आलीस?" त्यांचा आवाज जेमतेम निघत होता. "ओरडून घसा बसला माझा."

"बाबांनी सांगितलं."

"वेडी का काय? एमस कुठला बोलतोय!"

"रिगवेल्टेड म्हणाले."

मी चरात उतरले, काखेत हात घातले, गुडघा टेकवला आणि एका कुशीवर वळवून त्यांना ओढून काढलं. त्या किंचाळल्या. उभ्या राहिल्या, तर पाय लटपटत होते.

"लगेच सोडू नकोस," त्या म्हणाल्या. "उठवलेली मेंढी जरा वेळ धरून—"

"धरून ठेवायची. माहितीय मला. आमच्याकडे मेंढ्याच आहेत, आई, दुसरं काही नाही."

बराच वेळ आम्ही तशाच उभ्या होतो, त्यांचं सगळं वजन माझ्या अंगावर.

डॉक्टर म्हणाले, पाठीचा मणका दुखावलाय, पडून राहायचं. संध्याकाळी क्लेम हसून सांगू लागला की शनिवारी गुत्त्याबाहेर पिऊन उताण्या पडलेल्या माणसालाही इथं रिगवेल्टेडच म्हणतात. मी माझ्या भाषेतली पाठ आणि उलथणं सांगितलं. हजारएक वर्षांपूर्वी आमच्याच बोलीची माणसं होड्यांतून या भागात आली होती, हेही सांगितलं.

"म्हणजे तुझे लोक आधी येऊन गेलेत," सासूबाई पलंगावरून म्हणाल्या. "काय काय नेलं?"

"मेंढ्या नेल्या असतील. शब्द ठेवून गेले."

"सौदा वाईटच," त्या म्हणाल्या. पण त्या दिवसापासून माझ्याशी सावकाश बोलायला लागल्या.

उन्हाळाभर त्या छताकडे बघत पडून होत्या. दार उघडं ठेव, जरा बाहेरचं दिसू दे, म्हणायच्या. लोकर कातरायला मी उतरले. एमस शरद ऋतूत गेले. तो शब्द त्यांनी पुन्हा उच्चारला नाही.

त्यांच्या मातीनंतर एका सकाळी मी सासूबाईंना विचारलं, "मी माझ्या आईकडे जाऊन येऊ?"

काठीवर रेलून त्यांनी डोंगराकडे पाहिलं. तिथं आता त्यांना चढता येत नव्हतं.

"जा," त्या म्हणाल्या. "पण कोकरं होऊन जाऊ देत."

दरीवर पुन्हा बर्फ उतरायला लागला होता. मी वसंतातल्या कोकरांपर्यंत थांबले.