‘सेरोजा’च्या तारा

सल्वानीने आठवा टर्नबकल बसवला तेव्हा गुरुवारचे अकरा वाजत आले होते. शिडाची बोट ‘सेरोजा’ डुयोंग बेटाच्या धक्क्याला बांधलेली होती. तिची डोलकाठी आठ तारांनी चहूबाजूंनी धरलेली, आणि प्रत्येक तारेच्या खालच्या टोकाला ती आवळायला-सैल करायला एक टर्नबकल. जुन्यांपैकी तीन टर्नबकलना केसाएवढी चीर गेली होती. एक काढायचा, तिथे जाड दोराचा आधार द्यायचा, नवा बसवायचा आणि मगच पुढच्याला हात लावायचा, असं तिचं काम दोन दिवस चाललं होतं.

लांगकावीच्या धक्क्यावर नऊ वर्षं हेच काम करून ती गावी परतली होती. इथलं हे पहिलंच काम, आणि ते बघायला पोक देरामान डेकवर येऊन बसले होते. पोक म्हणजे काका. बेटावर त्यांना सगळेच पोक म्हणत. ‘सेरोजा’ त्यांनीच बांधलेली, कागदावर एक रेघही न ओढता. आता त्यांच्या शेडमध्ये नवी बोट उभी होती, बहुधा शेवटची. तिच्या तारांचं काम कुणाला द्यायचं ते त्यांनी ठरवलं नव्हतं. सल्वानीला ते हवं होतं.

तिने तारेला ताणमापक लावला. काटा लांगकावीहून आणलेल्या तक्त्यातल्या आकड्यावर नेमका थांबला. डोलकाठी खालून वर न्याहाळली. सरळ होती.

“वाजवून बघ, सूर लागेल,” मालक कामिल म्हणाला आणि चहा ठेवायला खाली उतरला. दोन मिनिटांत त्याची हाक आली. “अगं, संडासाचं दार लागत नाहीये! सकाळी लागत होतं.”

सल्वानी खाली उतरली. दाराची वरची कड चौकटीला घासत होती.

“लाकूडच ते, फुगलं असेल,” कामिल म्हणाला. “रंधा द्या कुणीतरी. शनिवारी पाहुणे येतायत, त्यांना काय दार उघडं टाकून बसवू?”

“रंधा शेडमध्ये आहे,” पोक देरामान वरूनच म्हणाले.

सल्वानी जागीच थांबली. दार तासलं की काम संपलं. तक्ता तिच्या बाजूने होता. कुणी दोष दिला नसता. पण सकाळी लागणारं दार तारा आवळल्यावरच का अडावं? तिने पायाखालची फळी उचलली आणि डोलकाठीच्या बुडाशी टॉर्च धरला. तळाच्या दोन फळ्यांमधून पाण्याची बारीक रेघ येत होती. तारा बोटीच्या कडा वर ओढत होत्या, डोलकाठी मधोमध खाली दाबत होती, आणि बोट धनुष्यासारखी वाकत होती.

“कामिल, दाराला हात लावू नकोस. तारा जास्त आवळल्यात. चूक माझी आहे.”

“पण काटा तर बरोबर थांबला ना?”

“काटा बरोबरच आहे. पण तक्ता फायबरच्या बोटींचा, आणि ही लाकडाची.”

“लाकडाची आहे हे मला विचारलं असतंस तरी सांगितलं असतं, बाई.”

ती वर गेली. डावा अर्धा फेरा सैल, मग समोरचा उजवा अर्धा. आठही झाले की कामिल दार लावून बघे.

“घासतंय.”

पुन्हा आठही.

“अजून थोडं.”

तिसऱ्या खेपेला दार खट्‌कन लागलं. तिने तळातलं पाणी फडक्याने टिपलं आणि अर्धा तास तिथेच उकिडवी बसून राहिली. नवी ओल आली नाही. मग वर येऊन, टर्नबकल आपोआप फिरू नयेत म्हणून एकेकात पिना घातल्या आणि त्यांची टोकं वाकवली.

“पोक, तुम्हाला आधीच कळलं होतं ना?”

“तू आवळत होतीस तेव्हाच. फळ्या कुरकुरत होत्या.”

“मग रंधा कुठे आहे ते कशाला सांगितलंत?”

“त्याने मागितला म्हणून.”

म्हातारा कठड्याला धरून धक्क्यावर उतरला आणि चपला शोधू लागला.

“उद्या शुक्रवार, सुट्टीचा, शेड बंद. परवा सकाळी ये. नव्या बोटीची डोलकाठी अजून आडवीच आहे. तारा कुठून खाली आणायच्या ते तू दाखव, मी फळ्यांना तिथे आतून आधार देतो.”

“येते, पोक.”

“आणि घरूनच खाऊन ये, नाहीतर आमच्याकडे खातच बसशील. माझी बायको मासळीचे वडे तळायला बसली की दुपारपर्यंत कुणी कामाला हात लावत नाही.”