आईला आणायला पाठवलेली गाडी

विमानतळावरून घरापर्यंत गाडी सांगायची, यात अवघड ते काय? मोबाइलवर एक पान उघडतं. विमान कोणतं, माणसं किती, बॅगा किती, सोबत लहान मूल आहे का, ड्रायव्हरच्या हातातल्या पाटीवर नाव काय लिहायचं, सगळं विचारतात. मी पटापटा भरत गेले. पाटीवर आईचं पूर्ण नाव टाकलं. मग खाली ‘कुठे सोडायचं’ असं आलं आणि तिथे माझा अंगठा अडला. मी चहा करून आले. चहा पिऊन झाला तरी ती चौकट रिकामीच होती.

शेवटी मी तिथे दादाचा पत्ता टाकला.

वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू? आईने माझ्याकडे यावं असं मला मनापासून वाटत होतं. ती परदेशी गेल्यानंतर मी भाड्याचं नवं घर घेतलं, तेसुद्धा एक खोली जास्तीची आहे म्हणून. पण आई परदेशी निघाली तेव्हाच मला म्हणाली होती, “परत आले की दादाकडेच राहीन म्हणते. नातवंडं आहेत, घर तळमजल्यावर आहे.” मी म्हटलं, “बरोबर आहे.” आणि तिच्या बॅगेची चेन ओढत बसले.

वडील गेल्यावर आई तिच्या भाड्याच्या घरात एकटीच राहायची. मग मावशी आजारी पडली. तिला बघणारं तिकडे कुणी नव्हतं, म्हणून आईने घर सोडलं, भांडीकुंडी वाटून टाकली आणि बहिणीच्या उशाशी जाऊन बसली. आता मावशीही गेली. आई परत येत होती आणि तिला स्वतःचं म्हणावं असं घर उरलं नव्हतं. दादा फोनवर तिला म्हणाला, “ये तू, आम्ही आहोत ना.” मीही तेच म्हणाले. कोणाकडे ये, ते काही कुणी बोललं नाही.

आमच्या घराचं हे असंच आहे. कुणी कधी काही मागत नाही. जेवताना ताटातला शेवटचा तुकडा आम्ही एकमेकांकडे ढकलत राहतो, इतका, की तो वाळून जातो आणि मग कुणालाच नको असतो. वडिलांनी एकदा चावणारे बूट वर्षभर घातले, कारण ते आईने हौसेने आणले होते. आईला ते बूट त्यांच्या पायात पहिल्या दिवसापासून आवडत नव्हते. हे दोघांनी एकमेकांना सांगितलं तेव्हा बुटांचे तळ झिजले होते. लोक याला समजूतदारपणा म्हणतात. मला तर अलीकडे हा शुद्ध आडमुठेपणा वाटायला लागलाय.

तर गाडी. मी स्वतः विमानतळावर का नाही गेले, असं कुणीही विचारेल. गेले असते तर आईला घेऊन कुठेतरी जावं लागलं असतं, आणि कुठे ते तोंडाने बोलावं लागलं असतं. गाडी पाठवली की तोंड बंद ठेवता येतं. ड्रायव्हर पत्ता बघतो, माणूस पोचतं, कुणाला काही विचारायची वेळ येत नाही.

मी दातांच्या कवळ्या बनवते. दवाखान्यांतून ठसे येतात, त्यांत आम्ही प्लास्टर ओततो, मेणात दात बसवतो, घासूनपुसून चकचकीत करून पाठवतो. त्या सकाळी मी एका आजोबांच्या वरच्या जबड्याचे दात मेणात बसवत होते. पुढचे दोन सरळ आले की बाकीचे मागोमाग येतात, पण त्या दिवशी ते दोन काही सरळ येईनात. तेवढ्यात गाडीच्या ऑफिसातून फोन आला.

“मॅडम, आज दुपारच्या विमानाचं तुमचं बुकिंग आहे ना? त्याच नावाचं, त्याच विमानाचं अजून एक आलंय. चुकून दोनदा दाबलं गेलं का? लोकांचं होतं तसं. एक रद्द करू?”

“मी एकदाच दाबलंय.”

“हो, नंबर दुसराच दिसतोय. पत्ताही वेगळा आहे.” तिने पत्ता वाचून दाखवला. तो माझ्या घराचा होता.

हातातली मेणाची सुरी मी खाली ठेवली. माझ्या घरी आईला पाठवणारा या जगात एकच माणूस असू शकत होता. “थांबा, रद्द नका करू,” म्हटलं आणि दादाला फोन लावला. दादा लिफ्ट दुरुस्त करतो. फोन उचलला तेव्हा तो कुठल्यातरी इमारतीच्या गच्चीवर लिफ्टच्या मशीनपाशी होता आणि मागे खडखडाट चालू होता.

“आईला माझ्याकडे टाकतोस?” मी सुरुवातच तिथून केली. “मला न विचारता? एवढी जड झाली का ती तुला?”

“कोण म्हणालं तुला?”

“गाडीवाले म्हणाले! त्यांच्याकडे दोन गाड्या लागल्यात.”

“दुसरी कुणाची?”

“माझी.”

“मग ती कुठे जाणार आहे?”

मी मेणाची सुरी उगाच पुसायला घेतली. दादा हुशार आहे, त्याला मी न सांगितलेलंही ओळखता येतं.

“माझ्याकडे ना?” तो म्हणाला. “आणि वर मलाच झापतेस. कमाल आहे बाई तुझी.”

“आईनेच सांगितलं होतं मला. म्हणाली, नातवंडांत राहीन.”

“मला म्हणाली, मुलीजवळ मोकळं वाटतं. सुनेच्या संसारात लुडबूड नको. आता एवढं ऐकल्यावर मी काय तिला ओढत घरी आणू? हिने तर तिच्यासाठी खिडकीजवळची कॉट पण लावली होती. मी म्हटलं, काढ ती, आई तिकडे जाणार आहे. आठवडाभर बोलत नाहीये माझ्याशी.”

मागचा खडखडाट थांबला. त्याने मशीन बंद केलं असावं.

“दादा, तिला नेमकं यायचंय कुठे?”

“तू विचारलंस कधी?”

“तू?”

म्हणजे झालं. तिने मला त्याचं नाव सांगितलं, त्याला माझं, आणि आम्ही दोन शहाण्यांनी आपापल्या मनाचा दगड करून तिला एकमेकांच्या दारात सोडायची सोय केली. मला हसूही येईना आणि रडूही. आता समोर उभं राहून तिलाच विचारायचं, असं आमचं ठरलं. ऑफिसातल्या बाईने पुन्हा फोन करून विचारलं, “मॅडम, मग कोणती रद्द करू?” कोणतीही रद्द केली असती तर तिथेच निकाल लागला असता. मी म्हटलं, “दोन्ही राहू द्या.” ती बिचारी बरं म्हणाली. असली गिऱ्हाइकं तिला रोज मिळत नसणार.

विमानतळावर बाहेर येणाऱ्यांसाठी एक काचेचं दार असतं आणि त्याच्यासमोर स्टीलचा कठडा. कठड्याला टेकून ड्रायव्हर लोक पाट्या धरून उभे होते. आमचे दोघे शेजारी शेजारीच होते, तोच शर्ट, तीच पाटी, तेच नाव. त्यांची चांगली गट्टी जमली होती. “तुमची बाई आधी आली तर मला सांगा,” असं एक दुसऱ्याला म्हणत होता आणि दोघं खदाखदा हसत होते. दादा कामाच्या कपड्यांतच आला होता. त्याच्या बाहीला ग्रीस लागलं होतं आणि माझ्या नखांत प्लास्टर होतं.

“कोण विचारणार?” दादा म्हणाला.

“तू मोठा आहेस.”

“तुला बोलता येतं.”

हेसुद्धा आम्ही एकमेकांकडे ढकलत होतो. तेवढ्यात दादाने माझं कोपर दाबलं आणि कठड्याच्या पार टोकाकडे मान केली. तिथे एक वयस्क ड्रायव्हर उभा होता, दुसऱ्याच कुठल्या कंपनीचा. त्याच्या पुठ्ठ्यावर मार्करने आईचं नाव लिहिलेलं होतं.

“ही तुझी?” दादाने विचारलं.

“माझी कशाला? वहिनीने सांगितली असेल.”

“ती बोलत नाही माझ्याशी, गाडी कशाला पाठवेल?”

मी त्या ड्रायव्हरकडे गेले. “काका, या बाईंना कुठे सोडायचंय?”

त्यांनी आधी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मी मुलगी आहे, असं सांगितल्यावर मोबाइल काढला. “स्टेशनच्या मागे एकट्या बायकांना खोल्या देतात ना, तिथे. महिन्याने देतात ते.”

“गाडी कुणी सांगितली?”

“त्यांनीच. तिकडूनच केलं बुकिंग. फोनवर बोलल्या माझ्याशी. म्हणाल्या, घ्यायला कुणी येणार नाहीये, तेव्हा पाटी जरा मोठी धरा.”

कुणीतरी तोंडात मारावी तसं झालं मला. दादा मागेच उभा होता, त्यानेही ऐकलं. तो खिशात काहीतरी शोधायला लागला, जे तिथे नव्हतंच. मला आधी आईचा राग आला. मग दादाचा आला. मग ज्या अंगठ्याने मी तो पत्ता टाकला होता त्या अंगठ्याचा. दोन पोटची पोरं याच गावात असताना ती भाड्याच्या खोलीत जाणार होती, आणि तिला तिथवर आम्हीच नेऊन सोडलं होतं.

काचेचं दार उघडलं आणि आई बाहेर आली. पुढे ट्रॉली, तिच्यावर बॅगा आणि त्यांच्यामागे ती. केवढीशी दिसत होती! आम्हाला बघून थांबली.

“तुम्ही कशाला आलात? कामं नाहीत का तुम्हाला?” हे तिचं पहिलं वाक्य.

मग तिने पाट्या वाचल्या. एक, दुसरी, टोकाची तिसरी.

“एवढ्या गाड्या कुणाला?”

“तुलाच,” दादा म्हणाला.

आई सरळ ड्रायव्हरांकडे गेली. “तुम्हाला कुणी पाठवलं? आणि कुठे नेणार मला?” पहिल्याने दादाचं नाव सांगितलं आणि माझा पत्ता. दुसऱ्याने माझं नाव सांगितलं आणि दादाचा पत्ता. दोघांच्या आवाजातली गंमत एव्हाना गेली होती.

आई वळली. “म्हणजे तू मला याच्याकडे धाडत होतीस, आणि हा तुझ्याकडे.” तिचा चेहरा पडला होता, पण आवाज तिने धरून ठेवला. “असू दे. ज्याचे त्याचे व्याप असतात. बरं झालं, मी खोली बघून ठेवली.”

मी दादाकडे बघितलं. त्याने तोंड उघडलं आणि म्हणाला, “बॅग जड आहे का?”

आता नाही बोलले तर जन्मात बोलणार नाही, हे मला कळत होतं. “आई, माझ्याकडे चल,” मी म्हटलं. “दादाचा पत्ता टाकला, कारण तूच तसं म्हणाली होतीस. मला तू माझ्याकडे हवी आहेस. पहिल्यापासून हवी आहेस.” आवाज फारच मोठा लागला असावा, कारण कठड्यावरच्या चार पाट्या आमच्याकडे वळल्या.

“मलाही हवी आहेस,” दादा म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. “कॉट लावली होती. काढायला मीच सांगितलं. गाढवपणा झाला.”

आईने ट्रॉलीचा दांडा पदराने पुसला. तो स्वच्छच होता.

“हे आधी बोलायला काय झालं होतं?”

“तू तरी कुठे बोललीस?” मी म्हटलं. “एकदा म्हणायचं होतंस, मला तुमच्याकडे राहायचंय. आम्ही नाही म्हणालो असतो का?”

“नसतात म्हणाला,” आई म्हणाली. “म्हणूनच नाही बोलले. मला तुमचं हो नको होतं. कुणीतरी आपणहून बोलावतंय का, ते बघायचं होतं.”

 मागून येणाऱ्यांच्या ट्रॉल्या आम्हाला वळसा घालून जात होत्या. आईने डोळे पुसले, नाक ओढलं आणि कामाला लागली. गाडीपर्यंत न्यायला दादाच्या हातात मोठी बॅग दिली. “तुझ्याकडे रविवारी येते. पोरांना सांग. आणि न्यायला स्वतः ये, गाडी पाठवलीस तर बसायची नाही मी.” दादाने लहान मुलासारखी मान हलवली. मग ती टोकाच्या म्हाताऱ्या ड्रायव्हरकडे गेली.

“तुमचीच गाडी घेते. मी सांगितलेली आहे, तुम्हाला रिकामं नाही पाठवणार. पत्ता तेवढा बदलायचाय.”

“सांगा,” ते म्हणाले.

मी सांगायला पुढे झाले, कारण आईने माझं घर पाहिलेलंच नव्हतं. तिने मला हाताने मागे केलं.

“मोठ्या टाकीवरून आत वळायचं,” ती म्हणाली. “औषधाचं दुकान लागतं, त्याच्या पुढची गल्ली. गल्लीत खड्डा आहे, गाडी डावीकडून घ्या. पिवळी इमारत, तिसरा मजला. जिन्यातला दिवा लागत नाही, बॅगा सांभाळून चढवाव्या लागतील. वर गेलं की उजव्या हाताचं दार. बेल दोनदा दाबावी लागते, एकदा दाबली तर वाजत नाही.”

हे सगळं मी तिला फोनवर कधी ना कधी सांगितलं होतं, मावशीच्या औषधांबद्दलच्या बोलण्यामधे, तिच्या नुसत्या ‘हं, हं’वर. मला वाटायचं, ती ऐकतच नाही.