पिवळं कार्ड

आमच्या टेक्सासमधल्या काउंटीच्या कुत्र्यांच्या कोंडवाड्यात मी एकोणीस वर्षं नोंदणीच्या टेबलावर बसले. तेव्हा दोन रंगांची कार्डं असत. मालकाने स्वतः आणून दिलेल्या कुत्र्याला गुलाबी. त्याला त्याच दुपारी मरणाचं इंजेक्शन देता येई. रस्त्यावर सापडलेल्याला पिवळं. त्याच्या मालकाची पाच दिवस वाट बघायची. ती जाड कार्डं माझ्या बोटांना अजून आठवतात.

त्र्याऐंशीच्या ऑक्टोबरात गेलन टिडवेल नावाचा माणूस एक शिकारी जातीचा कुत्रा दोरीने ओढत घेऊन आला.

"माझाच आहे. चावतो. आजच उरका, बाई."

"कुणाला चावला?"

"सगळ्यांनाच."

सगळ्यांना चावणारा तो कुत्रा माझ्या बुटावर हनुवटी टेकून पडला होता.

"वय?"

"असेल पाच-सहा."

कुत्र्याचं तोंड म्हातारपणाने पांढरं झालं होतं. मानेभोवतीचे केस पट्ट्याने झिजलेले होते, पण पट्टा नव्हता.

"पट्टा कुठंय?"

"हरवला." त्याचा हात जाकिटाच्या खिशाकडे गेला आणि आत काहीतरी किणकिणलं.

"नाव?"

"आता कशाला हवं?"

"कार्डावर रकाना आहे."

"डच."

कुत्र्याने कान उचलला. नाव खरं होतं, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली. याला कुत्रा माहीत होता. पण कुत्र्याने त्याच्याकडे एकदाही बघितलं नव्हतं.

सही करून निघताना त्याने तिसऱ्यांदा विचारलं, "आज होईल ना?"

तो गेल्यावर मी गुलाबी कार्ड फाडलं आणि पिवळं लिहिलं: रस्त्यावर सापडला, आणणाऱ्याने स्वतःचं नाव दिलं नाही.

साडेतीनला आमचे साहेब बर्ल हॅच त्या दिवशी मारायच्या कुत्र्यांची यादी न्यायला आले. पिंजऱ्यावरचं कार्ड वाचून म्हणाले, "लॅव्हर्न, बेवारशाचं नाव डच आहे हे तुला कसं कळलं गं?"

सवयीने मी नावाचा रकाना भरला होता.

"तोंडावरून," मी म्हटलं.

"मग जत्रेत तंबू टाक. लोकांचे हात बघ. इथल्यापेक्षा बरं कमावशील." आणि ते पुढच्या पिंजऱ्याकडे वळले.

चार दिवस कुणी आलं नाही. पाचव्या दिवशी दुपारी ऑलिटा क्रेन नावाच्या म्हातारीने वॉकर टेकत दार ढकललं. मनगटावर हॉस्पिटलची नावाची पट्टी तशीच होती. तिची पर्स धरून मागे गेलन उभा.

"हा माझा भाचा. मी खुब्याच्या ऑपरेशनला गेले तेव्हा डचला याच्याकडे ठेवला होता. फाटक उघडं राहिलं म्हणे. हा म्हणतो, कोंडवाड्यात बघून गेलो, नाही मिळाला. मी म्हटलं, मला माझ्या डोळ्यांनी बघू दे."

मी तिला पिंजऱ्यापाशी नेलं. डचने तिला बघून पिंजऱ्याची जाळी हलवून सोडली.

"कुणी आणला गं याला?" डोळे पुसत तिने विचारलं.

गेलन माझ्याकडे बघत होता. त्याची सही मीच फाडून टाकली होती. दाखवायला माझ्यापाशी काहीच नव्हतं.

"रस्त्यावर सापडला," मी म्हटलं. "नाव नाही दिलं त्या माणसानं."

"देव भलं करो त्याचं."

मी पिंजरा उघडला. गेलनने खिशातून पट्टा काढला. "हा घरीच पडला होता, मावशी." तो वाकला तसा डच वॉकरच्या मागे सरकला. मी पट्टा त्याच्या हातातून घेतला आणि स्वतः बांधला.

"ऑलिटाबाई, परत नेलेला कुत्रा बघायला मला दर शनिवारी घरी यावं लागतं," मी गेलनकडे बघत म्हटलं. "नियमच आहे तसा."

असा कुठलाच नियम नव्हता. डच होता तोवर, दोन वर्षं, मी तो नियम पाळला.