दामाजीच्या बादलीतून

मी बोटाएवढा मासा बोलतोय. मुरबाडकडच्या डोंगरातल्या एका ओढ्यात जन्मलो. माझं पोट चपटं, पंख पसरट. पाणी कितीही जोरात धावो, मी दगडाला चिकटून राहतो आणि त्यावरचं शेवाळ खरवडून खातो. गार, धावतं पाणी नसेल तर माझा जीव गुदमरतो.

१९९१ च्या हिवाळ्यात ठाण्याच्या खाडीकाठच्या बाळकुमचा दामाजी कोळी तिथं मेव्हण्याकडे आला होता. कारखान्यांच्या घाणीनं खाडीचं पाणी नासल्यावर होडी विकून तो एका गोदामावर वॉचमन झालेला. ओढ्यात पाय धुताना त्यानं एक दगड उचलला, तर खाली आम्ही तिघं. बराच वेळ नुसता बघत राहिला. मग किटलीत घालून घरी घेऊन गेला.

"तीन मासं? दाताला तरी लागतील काय?" त्याची बायको हौसाबाई म्हणाली.

"खायला नाय. घरात जिता मासा पायजे."

हौसाबाईनं किटली उचलून सावलीत ठेवली.

त्यानं काचेची पेटी आणली, चपटे दगड रचले, हवेचा पंप लावला. पंपापाशी पाणी जरा खळबळायचं, आम्ही तिथंच चिकटायचो. रोज सकाळी गावच्या विहिरीचं गार पाणी आणून तो अर्धी पेटी बदलायचा. दर शुक्रवारी दुरुस्तीसाठी वीज गेली की वाटीनं पाणी उपसून वरून ओतत बसायचा. उन्हाळ्यात पेटीला ओलं गोणपाट गुंडाळायचा. हौसाबाई आधी हसायची, मग तीच गोणपाट भिजवू लागली. तरी तो ओढा नव्हता. नुसते जगत होतो.

तिसऱ्या वर्षी, मे महिन्यात, त्यानं सकाळी पाणी ओतलं आणि अंगाची आग झाली. माझे दोघे सोबती बघता बघता उलटे झाले. मी काचेवरून सरपटत पाण्याच्या वर जाऊन चिकटलो.

दामाजीनं पाणी हुंगलं, नासलेल्या खाडीचाच वास त्याला आला. "हौसा, च्या ओतून टाक! पिऊ नको!" म्हणत तो विहिरीकडे धावला. खिडकीतून मला सारं ऐकू येत होतं.

शेजारचा नाथा पाणी शेंदत होता. त्याची नात जनी दोन दिवस उलट्या करत होती. "पानी नासलंय, जनीला यानंच झालंय!" दामाजी ओरडला.

"उन्हानं झालंय तिला," नाथा म्हणाला. "नलाला आठ दिस पानी नाय. तुझ्या मासल्यापायी तहानंनं मरू काय?"

दामाजी परत येऊन पेटीपुढे उभा राहिला. हौसाबाईला कळलं.

"अवो, एकच उरलाय तो."

"म्हनून तर. मेलेलं दावून कोन मानंल?"

पोट फाटू नये म्हणून त्यानं मला बोटानं हळूहळू सोडवलं. विहिरीपाशी तिच्यातूनच नुकत्या शेंदलेल्या पाण्याची बादली ठेवली. "बगा सगली, या पान्यात मासा जगतो काय," जमलेल्यांना म्हणाला आणि मला सोडलं.

आता मी त्याच पाण्यात आहे. कल्ले जळताहेत. बादलीला धरतो आणि निसटतो. दामाजीचा हात दोनदा पाण्यात आला आणि मागे गेला.

"काढा त्याला," हौसाबाई म्हणतेय.

"नाथा अजून बगत नाय."

मी उताणा झालो. वर चेहरेच चेहरे. शेवटी नाथा वाकला. बघितलं. खांद्यावरची घागर त्यानं तिथंच उपडी केली आणि "जने! जने!" ओरडत घराकडे पळाला.

दामाजीला बोल लावू नका. त्याचा तळवा आत्ता माझ्या पाठीखाली आला आहे. उशीर झालाय, पण हे त्याला कुणी सांगू नका.