सदर शाळेत कोणीही कोणाला चिडवत नाही

“सतरा.”

“हजर सर.”

“अठरा.”

“हजर सर.”

टेमघरे सरांनी जरा दम घेतला आणि म्हणाले, “वीस.”

त्या दमाच्या जागेत खिडकीबाहेरून एका मुलीचा आवाज आला. “हजर सर.”

सरांनी मस्टरवरून मान वर केली नाही. वीस हजर झाला, एकवीस, बावीस. नववीचा चाळीस मुलांचा वर्ग, आणि एकही मान खिडकीकडे वळली नाही. वर्गात चिमणी शिरली तरी बाकावर चढणारं वय हे! मी शेवटच्या बाकावर फॉर्मांचा गठ्ठा मांडीवर घेऊन बसले होते. माझ्या अंगावर सरसरून काटा आला.

तास संपल्यावर मी सरांना गाठलं. ते मुख्याध्यापक, पण शिक्षक कमी म्हणून नववीची हजेरीही तेच घेत.

“सर, बाहेरून कोण बोललं?”

“कुठं? वारा असेल, बाई. कोळवणच्या खोऱ्यात वारा लई.”

वारा हजेरी देतो हे मला नवीनच होतं. पण मी गप्प बसले. गप्प बसणं हा माझ्या धंद्याचा भागच आहे.

माझा धंदा म्हणजे दुसऱ्यांनी केलेल्या चांगल्या कामाला गुण देणं. २००९च्या जुलैत दिल्लीच्या कोर्टाचा निकाल आला, समलिंगी असणं गुन्हा नाही म्हणून. त्या हुरुपात पुण्यातल्या एका संस्थेनं ऑगस्टमध्ये मुळशीतल्या पाच शाळांत उपक्रम सुरू केला. बायकी मुलगा, मुलासारखी मुलगी, मुलगीच आवडणारी मुलगी, अशा मुलांना शाळेत कोणी छळू नये म्हणून व्याख्यान, पोस्टर आणि सामुदायिक शपथ. आता फेब्रुवारीत त्याचा काय उपयोग झाला हे पाहायला त्यांनी मला नेमलं होतं. सुलक्षणाताई, आकडेवारीत सतरा वर्षं, चष्म्याचा नंबर साडेचार.

फॉर्मातला सातवा प्रश्न महत्त्वाचा. अशा कारणावरून कोणाला चिडवल्याचं तुम्ही पाहिलं का? बाकीच्या चार शाळांत निम्म्या मुलांनी ‘हो’ लिहिलं होतं. इथे चाळीसपैकी चाळीस ‘नाही’. माणसांकडून मला आजवर कधी शून्य मिळालेलं नाही. चुकून का होईना, एखादा तरी ‘हो’ असतोच.

मधल्या सुट्टीत मी मुलांमध्ये फिरले. भांडण नाही, आरडाओरडा नाही. ज्याला विचारावं तो तेच आणि त्याच सुरात सांगे.

“आमी कुनाला चिडवत न्हाई.” एक वेणीवाली मुलगी मात्र पुढे बोलून गेली. “आमी बोलतच न्हाई.”

“कोणाशी?”

तिनं माझ्या खांद्यावरून मागे पाहिलं आणि पाण्याच्या टाकीकडे पळाली. मी वळले. मागे कोणी नव्हतं.

शाळा सुटल्यावर मी खिडकीच्या बाहेर गेले. भात काढून झालेलं खाचर, त्यात वाल पेरलेला. भिंतीला लागून एक गोणपाट घडी करून ठेवलं होतं. मी त्यावर हात ठेवला आणि झटक्यात काढून घेतला. भिंत सावलीतली, हवा गार, आणि गोणपाट गरम होतं.

रात्रभर मी स्वतःला समजावलं की भुतं मागे ऊब सोडून जात नाहीत. तरी दुसऱ्या दिवशी घंटेआधी तिथे गेले.

ती बसली होती. पंधरा वर्षांची, केस आखूड कापलेले, मांडीवर वही. मला पाहून दचकली नाही की उठली नाही. नुसती बघत राहिली, आणि मग हळूच म्हणाली, “तुमाला मी दिसतीया?”

“दिसतेस की.”

“माजा आवाज येतुया?”

“कालसुद्धा आला.”

तिनं वही मिटली. “पाच म्हैन्यात तुमीच पयल्या,” ती म्हणाली.

तिचं नाव शुभांगी. एकोणीस नंबर तिचा. ऑगस्टमध्ये तिनं वर्गातल्या एका मुलीला चिठ्ठी लिहिली होती, तू मला आवडतेस, एवढीच. चिठ्ठी वर्गभर फिरली.

“मग चिडवलं का तुला?”

“न्हाई ओ. शपत घेतली व्हती ना सगळ्यांनी. कुनीच बोलंना. मी हाक मारली तर कुनी ओ दीना. डबा खायाला बसले का समदी उठून जायाची. मी हाय का न्हाई, माजं मलाच कळंना.”

मी तशीच ऑफिसात शिरले. टेमघरे सर मुळीच गडबडले नाहीत.

“बाई, उपक्रम तुमचाच. चिडवायचं नाही म्हणालात. चाळीस पोरांची तोंडं मी कशी धरू? म्हणून सांगितलं, तिच्याशी एक शब्द बोलायचा नाही. बोलणंच नाही तर चिडवणार कुठून? सप्टेंबरात तिच्या बापानं दाखला काढून नेला. आता पटावर नाही, तर हजेरी कशी घेऊ? तुम्हीच सांगा.”

हे सगळं ते मला शाबासकीच्या अपेक्षेनं सांगत होते. त्याचीच मला जास्त भीती वाटली. चाळीस मुलांनी खरंच लिहिलं होतं. शून्य खरं होतं.

मी परत मागे गेले. माझ्या अहवालाचं सांगितल्यावर शुभांगीनं एकच मागितलं. “तुमच्या कागदात माजं नाव लिवा. पुरं नाव.”

“नाव लिहिता येत नाही गं. नियम आहे. ‘एक विद्यार्थिनी’ असं लिहीन.”

तिनं गोणपाटाची घडी घातली, काखेत मारली. “म्हंजी तुमीबी,” म्हणाली आणि खाचरातून चालू पडली.

तो नियम मीच मसुद्यात घातला होता. मुलांच्या भल्यासाठी, असं तेव्हा वाटलं होतं. माण गावातल्या आमच्या खोलीवर परत आले तेव्हा कल्पना भाकऱ्या थापत होती. अकरा वर्षं आम्ही एकत्र राहतो, आणि अकरा वर्षं मी घरमालकांना सांगते की ही माझी मावसबहीण. त्या संध्याकाळी मला जेवण गेलं नाही. लाज वाटली, फार लाज वाटली.

कल्पनानं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाली, “पोरीच्या आईला विचार.”

शुभांगीची आई साळूबाई वालाच्या शेंगा सोलत होती. कसला कागद, कुठे जाणार, कोण वाचणार, सगळं तिनं दोनदा विचारलं. मग म्हणाली, “लिवा. गावाला ठावं हाय, तुमच्या कागदाला कळून काय बिघडायचंय?” आणि संमतीपत्रावर सावकाश सही केली.

मी अहवाल नावासकट दिला. संस्थेचे स्वानंद सर सज्जन माणूस. त्यांनी डोळे पुसले आणि मग ते पान अहवालातून काढून टाकलं.

“ताई, अल्पवयीन मुलगी आहे. नाव नाहीच घालता येणार. आणि घटनेच्या रकान्यात शून्यच राहील, कारण चिडवलेलं नाही ना कोणी. ‘समावेशनात सुधारणेला वाव’ असं एक वाक्य टाकू.”

“मग माझी सही नको,” मी म्हणाले. माझ्या आवाजाचं मलाच नवल वाटलं. अहवाल माझ्या सहीशिवाय गेला. पुढचं काम मला मिळालं नाही.

एप्रिलमध्ये ते काढलेलं पान घेऊन मी कोळवणच्या एसटीत बसले. शुभांगी अंगण सारवत होती. जूनपासून मामाकडे, पौडच्या शाळेत जाणार होती. मी पान पुढे केलं आणि खरं काय ते सांगितलं. हे छापलं गेलं नाही, एवढी एकच प्रत आहे.

तिनं ओले हात परकराला पुसले, पण कागद घेतला नाही.

“वाचून दावा,” ती म्हणाली. “मोट्यानं.”

शेजारच्या ओट्यावर दोन बाया गहू पाखडत होत्या. पलीकडच्या दारात ती वेणीवाली मुलगी हंडा घेऊन उभी होती. मी चष्मा लावला. आयुष्यात कधी मोठ्यानं वाचलं नव्हतं.

“शुभांगी गेणबा ढमाले,” मी वाचलं.

सुपांचा आवाज थांबला. माझ्यापासून दोन हातांवर उभ्या असलेल्या त्या पोरीनं लांबून कोणी बोलावल्यासारखी मान वर केली.

“ओ,” ती म्हणाली.

मी पुढची ओळ वाचायला घेतली.