पहिला घड

आमच्या धंद्यात एक रीत आहे. बागेतला केळीचा पहिला घड ज्याच्या हातचा, पुढची सगळी कापणी त्याच्या टोळीची. म्हणून जैनाबादच्या सुकलालभाऊंचा फोन आला, "समाधानभाऊ, सोमवारी सकाळी या, पहिला घड तुमच्याच हातचा," तेव्हा मी पुढे काही विचारलंच नाही. या हंगामात एकेक बाग हातातून गेली होती. अक्षयची टोळी स्वस्तात कापते, एवढंच जो तो सांगायचा. ही बाग राहिली तर माझी टोळी राहणार होती.

सोमवारी सगळ्यांना टेंपोत घालून तापीचा पूल ओलांडला. घड वाहणारा चुडामण, पानं अंथरणारी मालूबाई, सगळे खुशीत होते. बागेशी पोचलो तर अक्षयची पिकअप आधीच उभी. त्याची माणसं बांधावर चहा पीत बसली होती.

सुकलालभाऊ हळदीकुंकवाचं ताट घेऊन पुढे आले. आमचा टेंपो बघून त्यांचा चेहरा उतरला.

"टोळी कायले आणली भाऊ? मी तुमालेच बोलावलं व्हतं. तुमच्या हाताले बरकत हाये, म्हून पहिला घड तुमीच काटायचा, असं घरचे म्हनतात. बाकी काम अक्षयले देलं. त्याचा रेट कम हाये ना. बुरा नका मानू."

मला राग यायला हवा होता. एरवी मी टेंपोवाल्याशीसुद्धा हुज्जत घालणारा माणूस. पण आत काही हललंच नाही. दाताच्या डॉक्टरनं सुई टोचली की गाल आपला वाटत नाही, तसं सगळ्या अंगाचं झालं होतं.

घडाला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला, कोयता चालवला. चुडामणनं सवयीनं खांदा पुढे केला. मालूबाईनं खाली पानं अंथरली. आमच्या टोळीत घड मातीला टेकू देत नाहीत, सालीवर डाग पडला की मंडीत भाव पडतो. सुकलालभाऊंनी नारळाची अर्धी वाटी माझ्या हातात दिली आणि दुसऱ्या कामाला लागले.

मग अक्षय आला. पोरगा वाईट नाही, मला काका म्हणतो.

"काका, माझे काही लोक आलेच नाहीत आज. तुमचे लोक खाली हात परत जाण्यापेक्षा माझ्याकडे लागू द्या. रेट लेकिन मेरावालाच राहील."

सगळे माझ्याकडे बघत होते. घरून डबे घेऊन निघालेली माणसं, रोज बुडवून परत कशी जातील?

"लागा कामाला," मी म्हणालो.

टेंपो आम्हाला सोडून परत गेला होता, तो संध्याकाळशिवाय येणार नव्हता. मी बांधावर बसून राहिलो. मालूबाई पानं अंथरायला लागली तसा अक्षय म्हणाला, "मावशी, पत्ते राहू द्या, टाइम जातो." तिनं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि पानं गोळा करून बाजूला ठेवली. चुडामण सुरुवातीला घड गुडघ्यावर घेऊन हळूच खाली उतरवत होता. दुपारनंतर तोही बाकीच्यांसारखा टाकायला लागला. मला वाईट वाटायला हवं होतं, तेही वाटलं नाही. मी खोबरं चावत होतो आणि त्याला चव नव्हती.

घरी आलो तर फोन वाजला. शहापूरचा कुणी शेतकरी होता.

"भाऊ, सुकलालभाऊंनी तुमच्या हाताचं सांगितलं. उद्या आमचा बी पहिला घड काटून द्या. बस, पहिलाच. बाकीचं आमी पाहून घेऊ."

येतो म्हणालो.

उद्याचं काम आलं एवढंच प्रतिभाला, माझ्या बायकोला, ऐकू गेलं. कापणीच्या आदल्या दिवशी काढते तसा तिनं धारेचा दगड ओट्यावर काढला, तांब्याभर पाणी ठेवलं आणि विचारलं, "टोळीले सांगून येऊ?"

"नको. एकटाच जातो," मी म्हणालो. "आणि दगड आत ठेव. एका घडापुरती धार आहे."